मधल्या सहा डब्यांचे रेझिस्टर

वसईजवळच्या गिरीज गावच्या द्वारका राऊतला कुणी खोटं दूषण दिलं, तर ती गप्प बसणारी नव्हती. मग समोर बाप असो नाहीतर साहेब. सत्त्याऐंशी साली साहेब होता.

वसई रोडच्या एका गाळ्यात भट्ट्यांचं तापमान मोजणारे डबे बनायचे. द्वारका, मथुराताई आणि आणखी दोघी त्यांचं सोल्डरिंग करायच्या. त्या वर्षी पहिल्यांदाच आठ डबे दोन तारांच्या एकाच केबलवर ओळीने जोडून सगळे आकडे एका कॉम्प्युटरवर आणायचे होते. एकेकटा डबा नीट बोलायचा. आठही जोडले की पडद्यावर नुसता कचरा! आणि गिऱ्हाईक तर दुपारी येणार होतं.

"बायकांच्या हातचं सोल्डरिंग, दुसरं काय!" इंजिनिअर हरिश्चंद्र साहेब गरजले. "आज चाललं नाही, तर उद्यापासून चौघी पॅकिंगला."

अहो, वर्षभर ज्यांनी एक जोड कच्चा सोडला नाही, त्यांना हे ऐकवायचं? द्वारकाचं डोकंच फिरलं. तिने वीज बंद केली आणि दोन तारांमधला विजेचा रोध मीटरने मोजला. पंधरा ओहम! डब्यातल्या चिपसोबत आलेल्या पुस्तकात केबलच्या दोन टोकांना एकशेवीस ओहमचे दोनच रेझिस्टर दाखवले होते; दोन समांतर जोडले की रोध निम्मा होतो, म्हणजे साठ यायला हवे होते. साहेबांच्या जोडणीच्या नकाशात मात्र एकच डबा काढलेला, रेझिस्टरसकट. आणि गाळ्याचा नियम असा, की सगळे डबे हुबेहूब सारखे. म्हणून आठ डब्यांत आठ बसले होते, आणि एकशेवीसचा आठवा भाग, पंधराच, उरला होता.

"साहेब, मधल्या सहांचे काढायला हवेत," ती म्हणाली. "वाडीत केळींची सगळी आळी एकदम फोडली तर पाटाच्या पाण्याला जोर राहतो का? तसंच झालंय हे, सिग्नलला जोरच उरत नाही."

"मग जा, केळीच लाव! नकाशा माझा आहे. हात लावलास तर कायमची घरी बसशील."

"घरी तर घरी." तिने कटर उचलला आणि एकामागून एक सहा डबे उघडून सहाही रेझिस्टर कापले. "चाललं नाही तर मी आपल्या पायांनी जाते. पण चाललं, तर आमच्या कामाला लावलेला बट्टा तुम्ही इथेच, सगळ्यांसमोर पुसायचा."

तिने वीज सुरू केली. पडद्यावर गाळ्यातल्या हवेचं तापमान उमटलं: एकोणतीस, मग एकोणतीस, मग तीस. आठही डबे एकापाठोपाठ एक बोलले.

"हं, झालं एकदाचं," साहेब म्हणाले. "चहा सांगा सगळ्यांना."

"चहा नंतर." द्वारकाने कटर टेबलावर ठेवला.

साहेबांनी उगाच चष्मा पुसला. "सोल्डरिंग चांगलं होतं," ते पुटपुटले. "चूक नकाशात होती."

"मोठ्याने बोला साहेब. मथुराताईला कमी ऐकू येतं."

मथुराताईचे कान ठणठणीत होते. तरी तिने कानामागे हात धरला, आणि साहेबांना ते पुन्हा, मोठ्याने, बोलावं लागलं.