उकडतंय म्हणेल तिचा चहा

माझ्या थोरल्या बहिणीला आयुष्यात एकदाही उकडलं नाही. हे मी नाही सांगत, ती सांगायची, आणि ती सांगायला लागली की बाकीच्यांनी माना डोलवायच्या असा आमच्या घरचा कायदा. मी धाकटी. मी मान कधी डोलवली नाही, भांडलेच. पण भांडून उपयोग काय झाला?

आम्ही दोघी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला होतो. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टेबलांवरची कापडं, ढीग म्हणून संपायचा नाही. वर पत्र्याचं छप्पर, खाली वाफ, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्यानं घडी उडते. तिथल्या बायकांनी एक खेळ काढला होता. जी आधी ‘उकडतंय’ म्हणेल तिनं सगळ्यांना चहा पाजायचा. त्यापायी घाम डोळ्यांत गेला तरी कुणी हूं की चूं करायचं नाही. मी सारखी हरायचे. मी आत शिरले की बायका ओरडायच्या, “आली गं आली, चहावाली आली!” ताई एकदाही हरली नाही. ती निवृत्त झाली त्या दिवशी मॅनेजरनं तिला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर बया म्हणाली, “मी इथे कुणाला चहा पाजलेला नाही, हे लक्षात ठेवा.” सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा.

मग तिला ते घर मिळालं. निवृत्त लोकांसाठी बांधलेली नवी इमारत, सगळ्यात वरचा मजला. जाड भिंती, खिडक्यांवर लाकडी पट्ट्या, आणि छताजवळ झडपा. झडपा आपोआप उघडायच्या, आतली गरम हवा वर निघून जायची. विजेचं बिल नावापुरतं. एसी बसवायचा नाही ही अट. एकट्या बाईला परवडेल असं दुसरं काय मिळणार होतं? तरी पहिल्यांदा ते छत पाहिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. वर थेट ऊन. मला स्पष्ट वाटलं, ही इथे एखाद्या उन्हाळ्यात मरेल. मी तसं बोललेही. ताई म्हणाली, “तुझ्या तोंडाला काही हाड?”

इमारतीत देशोदेशीच्या विद्यापीठांचा मिळून एक अभ्यास चालू होता. कमी विजेच्या घरांत माणसांना कितपत बरं वाटतं, त्याचा. त्यासाठी एक तरुण बाई यायची, आम्ही तिला मोजणीवाली म्हणायचो. तिनं भिंतीवर एक डबी लावली. डबी दिवसातून काही वेळा टुणटुण वाजायची आणि विचारायची, आत्ता कसं वाटतंय? तीन बटणं. निळं म्हणजे गार, हिरवं म्हणजे बरं, तांबडं म्हणजे उकडतंय. आणि बटणाप्रमाणे झडपा हलायच्या. तांबडं दाबलं की सताड उघडायच्या, निळं दाबलं की मिटायच्या.

मोजणीवाली गुणी होती, उगाच कशाला खोटं बोलू? ताईसमोर बसून तिनं नीट समजावलं होतं. “आजी, सगळ्या जगाला एकाच गारव्यात ठेवायची गरज नसते. माणूस हवामानाला सरावतो. खिडकी उघडतो, पातळ कपडे घालतो. उष्ण भागातल्या माणसांना थोड्या जास्त तापमानातही बरं वाटतं. ते कळलं, तर कितीतरी वीज वाचेल.”

“मग मी तुमच्या कामाची आहे,” ताई म्हणाली. “मला उकडतच नाही.”

“जे वाटेल तेच दाबायचं हं, आजी. आणि फक्त तुम्हीच. पाहुण्यांनी नाही.”

झालं! ताईला नोकरी मिळाल्यासारखं झालं. डबी वाजली की हातातलं काम टाकून उठायची आणि हिरवं दाबायची. मी घामानं निथळत असायचे आणि ही हिरवं दाबायची. एकदा न्हाणीतला साबण हातात घेतला तर बोटं आत रुतली. भिंतीवरच्या आरशाचा डिंक सुटून आरसा तिरका झाला होता. मी म्हटलं, “ताई, तांबडं दाब गं एकदा. इथे कोण चहा मागणार आहे तुझ्याकडे?” ती गालात हसली. “सवय मोडत नाही,” म्हणाली.

यंदा उन्हाळा आला तो नेहमीसारखा नव्हता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. कुत्री गटाराच्या झाकणाखाली अंग दुमडून पडलेली. कावळेसुद्धा गप्प. मी डबा घेऊन ताईकडे गेले, दार उघडलं. घरात भट्टी पेटलेली, आणि ताई खुर्चीत शाल पांघरून बसलेली.

“शाल? या दिवसांत?”

“गारठा वाटतोय जरा,” ती म्हणाली.

मी तिच्या हाताला हात लावला. हात तापलेला, आणि कोरडा ठणठणीत. माझ्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता, तिच्या कपाळावर टिपूस नाही. तेवढ्यात डबी वाजली. ताई भिंतीला धरून उठली आणि तिनं निळं दाबलं. छताजवळ करकर आवाज झाला आणि झडपा एकेक करून मिटल्या.

“अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” मी ओरडले आणि जाऊन तांबडं दाबलं. झडपा उघडल्या. ताईनं माझा हात झटकला आणि पुन्हा निळं दाबलं.

“घर माझं आहे. डबी मला विचारते, तुला नाही.”

मी हातापाया पडले. माझ्याकडे चल, कूलर आहे, चार दिवस राहा. ती हट्टाला पेटली. माझ्यादेखत पाणी प्यायली, चार घास खाल्ले आणि म्हणाली, “आता जा, उन्हात थांबू नकोस. तुला सोसत नाही.”

मी खाली उतरून मोजणीवालीला फोन लावला. ती म्हणाली, “मावशी, त्यांचं उत्तर मला इथे दिसतंय. त्यांना गार वाटतंय. म्हणजे त्या छान सरावल्यात ना?”

“छान कसलं! तिचं अंग चटके देतंय!” मी म्हटलं.

ती म्हणाली, “उद्या सकाळी पहिलं काम हेच. मी येते.”

रात्रभर माझा जीव टांगणीला. उजाडल्याबरोबर मी ताईला फोन केला. बराच वेळ वाजला, मग तिनं उचलला.

“चादरी आल्या का गं?” ताई म्हणाली. “गाडी खाली उभी आहे आणि एकही बाई जागेवर नाही.”

मी कशी धावले ते माझं मला ठाऊक. जिन्यात मोजणीवाली भेटली, तीही धापा टाकत चढत होती. रखवालदारानं दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं. ताई जमिनीवर होती, शाल तशीच अंगावर, आणि उजवा हात पुढेमागे, पुढेमागे फिरत होता. ती फरशीला इस्त्री करत होती. मी हाका मारल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण ते तिला कळलं नाही.

दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं. संध्याकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी शरीराला उकाडा उशिरा कळतो, आणि ऊन फार भिनलं की उलट थंडी वाजते. म्हणजे त्या दिवशी ताई निळं खोटं दाबत नव्हती. तिला खरंच गार वाटत होतं. मोजणीवाली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली. “आम्ही फक्त वाटतं काय तेच विचारलं,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. मी तिला दूर लोटलं नाही.

काल मी ताईचं घर आवरायला गेले. शाल धुवायला काढली, आरसा उतरवून ठेवला. झडपा अजून मिटलेल्याच होत्या, ताईनं मिटल्या तशा. डोकं गरगरत होतं म्हणून तिच्या खुर्चीत टेकले, तर भिंतीवर टुणटुण झालं. डबी कुणी काढलीच नव्हती. आत्ता कसं वाटतंय?

पाहुण्यांनी दाबायचं नाही, हे मला माहीत होतं. मी उठले आणि तांबडं दाबलं. करकर करत झडपा उघडल्या, आणि कोंडलेली हवा वर निघून गेली. करायचं होतं ते एवढंच, दुसरं काहीच नाही. मला रडू आवरेना.

“उकडतंय गं ताई,” मी त्या रिकाम्या घरात मोठ्यानं म्हटलं. “मी हरले. ऊठ, चहा माझ्याकडून.”