अँब्रोजचा शेवटचा शब्द

अँब्रोज थेक्स्टन वादात कधी हरला नाही. मोरकॅम उपसागराच्या काठच्या आमच्या गावात कागदपत्रं आणि माणसांच्या आठवणी यांचं एकमत होणारी ही बहुधा एकमेव बाब असावी.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूत घोडागाडी घालून शिंपले वेचायचे, हा त्याचा आणि धाकट्या भावाचा, क्लेमेंटचा, धंदा. वाळूतली नदी पात्र बदलत राहते. म्हणून ती ओलांडण्याची जागा काठीनं चाचपायची, तिथं लॉरेलच्या फांद्या रोवायच्या आणि त्या रांगेनंच गाड्या न्यायच्या. फांद्या रोवणं अँब्रोजकडे होतं.

मार्च १९५३ मधल्या त्या सकाळचं बोलणं क्लेमेंटच्या बायकोनं, ईडिथनं, मृत्यूच्या चौकशीत सांगितलं. ती नवऱ्याच्या भाकरतुकड्याचा डबा बांधत होती.

"दोन दिवस वारं सुटलंय. नदी सरकली असणार," क्लेमेंट म्हणाला. "आधी काठी घालून बघू."

"फांद्या उभ्या आहेत ना?"

"फांद्या राहतात रे. खालची वाळू राहते का?"

"चाळीस वर्षं रोवतोय मी. तू एक तरी रोवलीस? भीती वाटत असेल तर बस घरी, बायकोबरोबर बटाटे सोल."

क्लेमेंट हसला. "बरं बाबा, तुझंच खरं."

त्याची गाडी पुढे होती. फांद्यांच्या रांगेतच ती घोड्यासकट खचली. अँब्रोजनं दोर टाकला. तो तोकडा पडला. भरती आली. पाणी ओसरल्यावर फांद्या जागच्या जागी होत्या.

"काठीनं तपासलं होतंत?" चौकशीत अधिकाऱ्यानं अँब्रोजला विचारलं.

"फांद्या उभ्या होत्या, साहेब. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं."

निकाल अपघाताचा लागला. अँब्रोज तिथं रडला असं काहीजण सांगतात. नोंदीत तसं नाही.

पुढे गावात त्याच्याशी कुणी वाद घालेना. गुत्त्यात तो मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोले, आणि माणसं पेल्यात बघत.

"अरे, कुणीतरी नाही म्हणा की!" तो एकदा ओरडल्याचं दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं.

ईडिथ दर रविवारी त्याला जेवण पोचवी, न बोलता. एकोणीस वर्षं.

शेवटच्या आजारपणातल्या प्रसंगाला साक्ष एकच, शेजारच्या मिसेस गार्नेटची. ईडिथ सूप भरवत होती. अँब्रोजनं तिचं मनगट धरलं.

"चूक माझी होती, ईडिथ. क्लेमचं बरोबर होतं."

तिनं त्याची हनुवटी पुसली.

"बरं बाबा," ती म्हणाली, "तुझंच खरं."