शिशाला कच्चा धागा

अब्बांनी चार महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं, आणि मागितलं तर काय, मासे धरायचा गळ.

लकवा मारल्यापासून ते अहेरीतल्या आमच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. उजवा हात लुळा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम नको, दाराबाहेर पाऊल नको, भेटायला येणारी माणसं तर मुळीच नकोत. ज्यांनी जन्मभर गावाचे कपडे शिवले, ज्यांच्या हाताखाली मी शिलाई शिकले, त्यांना असं बघून माझा जीव थाऱ्यावर नसायचा. त्यामुळे ‘नदीवर जाऊ’ म्हणाले तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. ही फेरी वाया गेली तर ते पुन्हा उठायचे नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं.

मन असं सैरभैर झालं की माझे हातपाय आधी धावतात. काय काय आणायचं हे अब्बांचं सांगून व्हायच्या आत मी बाजारात पोचलेसुद्धा. गळांच्या पुड्यांवर नंबर होते. शिलाई मशीनच्या सुईत सोळा नंबर जाड, अठरा त्याहून जाड. मोठा मासा तर मोठा नंबर, एवढा विचार केला आणि अठरा नंबरचे गळ घेऊन आले. घरी पुडी उघडली तर नाकातल्या चमकीएवढे गळ.

“हे काय मुंग्या धरून राह्यली का तू?” अब्बा म्हणाले. “गळाचा नंबर उलटा रायते, बेटा. नंबर मोठा, त गळ लहान.”

बोलताना त्यांच्या ओठाची चांगली बाजू हसली. तेवढ्यानेही मला भरून आलं. मी पुन्हा बाजारात गेले आणि सहा नंबरचे आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधायला बसले. अब्बा खाटेवरून सांगत होते. तंगूस, म्हणजे ती नायलॉनची दोरी, गळाच्या डोळ्यातून ओवायची, पाच वेढे द्यायचे, आणि गाठ ओढण्याआधी तिला थुंकी लावायची, नाहीतर कोरडी ओढताना ती जळते. गळ वर, त्याच्याखाली वीतभर सोडून शिसं. शिसं मी टायरवाल्याकडून मागून आणलं होतं, चाकाला लावतात ती पट्टी, हातोडीने ठोकून गोळा केलेली.

“शिशाले तंगूस नको लावू,” ते म्हणाले. “आपल्या दुकानातला कच्चा धागा लाव.”

काऊन म्हणून विचारायला हवं होतं. पण बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता आणि माझा एक पाय चपलेत होता. आमच्या धंद्यात कच्चा धागा म्हणजे पक्की शिलाई पडली की उसवून फेकायचा. तो कुठे एवढ्या वजनाला टिकणार? मी तंगूसच दुहेरी केली आणि तीन गाठी मारल्या. माझी गाठ सुटली असं आजवर एकाही गिऱ्हाइकाने म्हटलेलं नाही.

प्राणहितेचं पाणी उतरलेलं होतं, खडक उघडे पडले होते. अब्बांना प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. बांबूची काठी त्यांनी डाव्या काखेत दाबून धरली. मी एकदा उन्हाकडे बघत होते, एकदा त्यांच्या पायांकडे. पाणी देऊ का, पाठ दुखते का, माझी भुणभुण चालूच होती.

“बस न एका जागी,” ते म्हणाले. “तुया पायाच्या आवाजानं पळून राह्यले मासे.”

आणि काठी वाकली. अब्बा अर्धे उठले. पाण्यात रोहू पालथा झाला, चांगला हातभर लांब. त्यांचा चेहरा असा उजळला की मी ओरडलेच. मग दोर जागच्या जागी थांबला. खाली शिसं खडकाच्या फटीत अडकलं होतं. अब्बांनी एक हिसका दिला, दुसरा दिला.

“तुटून काऊन नाई राह्यला धागा?”

त्यांनी आणखी दोनदा ओढलं, रोहूने झटका दिला आणि वरचीच तंगूस तुटली. मासा, गळ, शिसं, सगळं गेलं. मग मी सांगितलं की धागा लावलाच नव्हता.

“शिसं अडकतेच, बेटा,” ते हळूच म्हणाले. “त्याले जाऊ द्याचं असते. शिसं गेलं त मासा येते.”

रागावले असते तर बरं झालं असतं. परतताना मला माझी इतकी चीड आली की ऑटोत मी स्वतःचाच हात चावला. घरी आल्यावर त्यांच्या खाटेशेजारी बसून घाईघाईने नवा गळ बांधायला घेतला.

“दे इकडं,” अब्बा म्हणाले.

डावा हात आणि दात. वेढा पडायचा आणि उलगडायचा. पुन्हा वेढा, पुन्हा उलगडला. माझी बोटं शिवशिवत होती. दोनदा मी हात पुढे केला, दोनदा त्यांनी कोपराने ढकलला. चहा गार झाला. घामाने त्यांची मान भिजली. तेव्हा मला कळलं की चार महिन्यांत मी त्यांना एकदाही असं धडपडू दिलं नव्हतं. घास मी भरवला, केस मी विंचरले, कारण त्यांनी केलं असतं तर उशीर झाला असता. त्यांना अर्धं लकव्याने पाडलं होतं आणि अर्धं माझ्या घाईने. गाठ बसली तेव्हा ऊन अंगणातून गेलं होतं.

सकाळी त्यांना शर्ट घालायला गेले तर तो अंगावर चढलेला होता आणि ते वरच्या बटणाशी झटत होते. मी दारातच थांबले. पहिलं लागलं. दुसरं तीनदा निसटलं.

“जाय तू दुकानात,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “मले येळ लागते.”

मी गेले. मशीनवर बसले, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना रडले.