तावडेकाकांची भट्टी

भट्टीत हात घालण्याआधी तावडेकाका अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि मशीनला म्हणायचे, "आ कर बघू." विक्रोळीच्या आमच्या वर्कशॉपमधला हा सगळ्यांत जुना फिटर, मूळचा मालवणचा, लोखंडाशी असा बोलायचा. आम्ही टवाळी करायचो. पण पालापाचोळा, नारळाची सोडणं जाळून रोबो-गाडी पळवणारी ती भट्टी त्यांच्याशिवाय कुणालाच जमली नाही.

"बाय, काय व्हया ता सांग. पण माणूस मारूचा काम असात तर माका बोलवू नको," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

गाडी सैन्यासाठीच होती. वर बंदूक बसणार, ड्रायव्हर नाही, आणि वाटेत सापडेल ते सुकं गवत-लाकूड ती स्वतःच उचलून पोटात ढकलणार. मी तिथली इंजिनीअर, मला सगळं ठाऊक होतं. तरी काकांना बिनदिक्कत सांगितलं, "शेतीसाठी आहे हो!" वर चाचणीसाठी त्यांच्याकडूनच एक बुजगावणं करून घेतलं. माणूस दिसला की गाडी वळसा घालते, हे चाचणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचं होतं. काकांनी ते सुक्या गवताने ठासून भरलं आणि त्याला स्वतःचा जुना शर्ट चढवला.

चाचणीच्या दिवशी गाडी बुजगावण्यापाशी गेली, थांबली. मग हात लांब करून तिने त्याची बाही ओढली आणि गवतासकट भट्टीत कोंबली. तिचं काय चुकलं? सुकं गवत ओळखायला आम्हीच शिकवलं होतं. त्याला माणसाचा आकार आहे, हे तिच्या खिजगणतीतही नव्हतं.

"झकास! सीमेवर उपाशी मरणार नाही ही," एक लष्करी पाहुणे म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. थापेपेक्षा त्या हसण्याची मला आजही जास्त लाज वाटते.

काकांनी धावत जाऊन जळती बाही उघड्या हाताने बाहेर ओढली. "ही माणूस वळाखता काय गो? आणि सीमेवर कित्याक? तू माका खोटां सांगलंस?"

"काका, नंतर बोलू ना. पाहुणे आहेत."

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. भट्टी काही केल्या पेटेना. आठवड्याने मी त्यांच्या चाळीत गेले. उजव्या हाताला पट्टी बांधून ते दारातच उभे राहिले.

"माफी मागूक इलंस, की भट्टी पेटत नाय म्हणान?"

"दोन्ही, काका."

"मगे आधी काय ता बोल."

मी बोलायला लागले, आणि आधी भट्टीच निघाली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.