लाखेनं बसवलेलं झाकण

माझ्या गाडीच्या इंजिनावर प्लास्टिकचं काळं झाकण आहे. ते खालच्या खुंट्यांवर दाबून बसवायचं असतं. गोंदियाहून माहेरी चिचगडला निघाले आणि त्यातल्या एका खुंटीवर बसणारा झाकणाचा कान तुटला. मला खडखड सहन होत नाही. सगळा रस्ता मी त्या झाकणाला शिव्या देत गेले.

पोचले तेव्हा बाबा अंगणात विळ्याला मूठ बसवत होते. आमच्याकडे मूठ लाखेनं बसवतात. मुठीच्या भोकात लाख भरायची आणि तापवलेलं पातं आत दाबायचं. बाबांनी तीच लाख तुटलेल्या कानात भरली आणि झाकण खुंटीवर दाबलं.

"बाबा, इंजिन तापतं. लाख वितळणार."

"काऊन भांडून राहिली? बसलं ना?"

लाख वितळलीच. परतताना गाडीभर तिचा वास होता, पण खडखड नव्हती. पातळ झालेली लाख खुंटीभोवती उतरली आणि गाडी निवल्यावर दगडासारखी घट्ट झाली.

परवा सर्व्हिसिंगला मेकॅनिकला ते झाकण काही केल्या निघेना. "मॅडम, ये किसने चिपकाया?" मी बाबांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले.

"त्याले म्हण, गाडी चालू करून ठेव. गरम झाल्याशिवाय मूठ निघत नाही."

वितळेल म्हणून मी भांडले होते. आता लाख कधी वितळते याची वाट बघत मी आणि मेकॅनिक बॉनेटपाशी चहा पीत उभे होतो.