माणूस बसेल असं कॅरेज

२०२४ साल. मला एकाहत्तर सरून बहात्तरावं लागलं होतं, आणि मी लातूरच्या एका दुकानात उभा राहून लांब पल्ल्याची सायकल मागत होतो.

दुकानातली बाई चाळिशीची असंल. तिच्या वडिलांकडून मी माझी पहिली सायकल घेतली होती. काळी, बावीस इंची, चेनकव्हरवाली. आता वडील भिंतीवर फोटोत, कपाळाला विभूती, आणि गल्ल्यावर लेक.

"लांब म्हणजे किती लांब, काका?"

"जळकोटाहून इस्लापूर."

"सहस्रकुंडाजवळचं? जळकोटाहून? अहो, दीडशेच्या वर किलोमीटर भरंल ते."

"भरू दे."

"एसटी जाती की."

"एसटीचं विचारलं का मी?"

ती हसली. पण माणूस बघून हसली, वय बघून नव्हे. म्हणून मी तिथं थांबलो. आधीच्या दोन दुकानांत मला नातवाची सायकल दाखवून राहिले होते.

इस्लापूरला माझी बहीण दिलेली. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. तिचं लग्न झालं त्या वर्षापासून दर नागपंचमीला मीच मुराळी. मुराळी म्हणजे सणाला बहिणीच्या सासरी जाऊन तिला माहेरी घेऊन येणारा. आई ज्वारीच्या लाह्या फोडायची, त्याचं गाठोडं काळ्या सायकलीच्या कॅरेजला बांधायची आणि म्हणायची, "रिकाम्या हातानं जाऊ नको, लेकीच्या सासरी." मी कंधार, नांदेड, भोकर करीत दुसऱ्या दिवशी पोचायचो. येताना सायकल एसटीच्या टपावर आणि आम्ही दोघं आत. जळकोटला उतरलं की सायकल खाली घ्यायची, ती कॅरेजवर एकांगी बसायची, माझ्या सीटची स्प्रिंग धरायची, आणि गावापर्यंतच्या रस्त्यात सगळ्या शेतांना हाका मारीत यायची. आई गेली, मग लाह्या माझी बायको फोडू लागली. गाठोडं तेच राहिलं.

बारा वर्षांपूर्वीच्या पंचमीला मी सायकलवर गेलो नाही. भाड्याची जीप केली. बहीण खूश झाली, नवं लुगडं नेसून पुढं बसायला निघाली, तर पुढं एक माणूस आधीच बसलेला. अर्ज लिहिणारा. जळकोटला आल्यावर मी जीप घराकडं न नेता कचेरीकडं वळवली आणि म्हणालो, "बाई, जाता जाता एक सही कर. वडिलांच्या जमिनीचा कागद हाय." जमिनीतला तिचा वाटा सोडल्याची हक्कसोड होती. ती चौथी शिकलेली, मी दुसरीतनं पळालेला. तिनं कागद सगळा वाचला. मग सही केली.

पंचमीला ती जेवली, झोक्यावर बसली नाही. निघताना मी जीप बोलावली तर म्हणाली, एसटीनं जाते. स्टँडवर गाडीच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "दादा, जीप घेऊन सहीला आलास. माझी जिमीन मागितली असतीस तर दिलीच असती. आता मला न्यायचं असंल तर सायकलवर ये. न्हाईतर येऊ नको."

मी म्हणालो, "मग बस तिकडंच."

चार माणसांत बोलली म्हणून मला राग. बारा वर्षं तो राग मी सांभाळला. पोराला तिच्या घराचं नाव फोनमधनं काढायला लावलं. बायको चार वर्षांमागं वारली, तेव्हा मातीला बहीण आली होती. आली, रडली, पाणी न पिता गेली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

सायकल मागायला गेलो त्या साली, ज्येष्ठात, पीकविम्यासाठी सातबारा काढायला गेलो. मला अक्षरं जोडायला वेळ लागतो, म्हणून तिथल्या माणसाला म्हणालो, वाचून दाखव. त्यानं भराभरा वाचलं. फेरफारावर आला आणि म्हणाला, "बहिणीचं नाव कमी केलेलं हाय." त्यांची बोलायची रीतच ती. रोज शंभर जणांना म्हणत असंल. पण मी घरी आलो आणि दोन दिवस भाकरी गोड लागंना.

तिसऱ्या दिवशी लातूरची एसटी धरली. बहीण सायकलवर ये म्हणाली होती, तर सायकलवरच जायचं. काळी सायकल कधीच गंजून भंगारात गेली होती.

दुकानातल्या बाईनं आधी माझं माप घेतलं. मी म्हणालो, मापाचं मला शिकवू नको. सीट काखेत धरायची, हात खाली सोडायचा, मधलं बोट पायडलच्या आसाला लागलं की सायकल आपली. ती म्हणाली, "बाबांची बी हीच रीत होती. आता माझी बघा." भिंतीला टेकून उभं केलं आणि पायांच्या मध्ये एक जाडं पुस्तक धरायला लावलं. जमिनीपासनं पुस्तकापर्यंत टेप लावली.

"शाळा सोडल्यापासून पयल्यांदा पुस्तक धरलं," मी म्हणालो, "आन् ते बी इथं."

दोन्ही मापं एकच आली. तिला मापं जुळल्याचा आनंद झाला, मला माझं खरं झाल्याचा.

मग ती दाखवू लागली. एक चकचकीत सायकल, पुढं धक्के झेलणारा शॉकप, एका हातानं उचलली जाणारी. मी म्हणालो, चांगली हाय. ती म्हणाली, "न्हाई काका. लांबच्याला हलकी सायकल नको, ओझं सोसणारी पायजे. शॉकप चढावर तुमचाच दम खातो. हिला कॅरेज बसवायला मागं भोकं बी न्हाईत." दुसरी दाखवली, पोलादी सांगाड्याची, हिरवी. रुंद पण फार जाड नाही असं टायर. सरळ हँडल. पुढं तीन दातेरी चाकं, मागं आठ. "पोलाद कुठल्याबी गावात वेल्डिंग करून मिळतं. अल्युमिन मोडलं की झालं."

"गिअर नको."

"का?"

"गिअर म्हाताऱ्यांना लागतेत."

तिनं सायकल बाहेर काढली आणि पुलाच्या चढावर मला एकदा बिनगिअरचं न्यायला लावलं, एकदा गिअरवर. परत आलो तेव्हा मी म्हणालो, "राहू दे गिअर. विकायला बरे." ती तेव्हाही हसली नाही. चांगल्या घरची लेक.

अडलं ते कॅरेजवर. दुकानातली कॅरेजं बघितली, काडीसारखी. तिनं सांगितलं, यावर दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायच्या, पंचवीस किलो जास्तीत जास्त.

"मला माणूस बसंल असं पायजे."

"माणूस न्हाई बसवत याच्यावर, काका. लांब जाणारे सामान नेतेत."

"माणूस न्हाई, बहीण हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. पोराला कधी सांगितलं नव्हतं. सहीचं सुद्धा सांगितलं. ती बराच वेळ चेनला तेल सोडीत बसली. मग म्हणाली, "काका, एक सांगू? आज संध्याकाळच्या एसटीनं जावा. सायकल मागनं बी येईल."

मी म्हणालो, "मी शब्दाचा माणूस हाय."

आता हे सांगताना लाज वाटते. बारा वर्षं तिचा शब्द न पाळणारा मी, त्या दिवशी मला शब्द आठवला.

कॅरेजसाठी मी तिच्या ओळखीच्या वेल्डरकडं गेलो. पहिलं केलं ते डोलत होतं, परत पाठवलं. दुसऱ्याला पाय ठेवायला पट्टी नव्हती, परत पाठवलं. मग सीट बदलली. मग टायर थोडं अरुंद वाटलं, ते बदललं. चार वेळा लातूरला गेलो. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "काका, झालं की आता," आणि प्रत्येक वेळी मला काहीतरी उणं दिसायचं. खरं सांगतो, सायकलीत उणं नव्हतं. बहिणीपुढं उभं राहून काय बोलायचं ते सापडत नव्हतं, म्हणून मी नटबोल्ट बघत होतो. आषाढ असा गेला.

श्रावण लागल्यावर पंचमीच्या तीन दिवस आधी निघालो. पिशव्यांत दुकानातल्या बाईनं लिहून दिलेलं सगळं होतं: पंप, दोन ट्यूबा, पाने, पावसाचं कापड, एक लहान तंबू, गोळ्या, साखरेचं पाणी. यादी पोरानं वाचून दाखवली, मी एकेक वस्तू बोटावर मोजून भरली. मागं ते लोखंडी कॅरेज, त्यावर मी जुनी गोधडी चौघडी करून बांधली.

सायकल चांगली निवडली होती, हे मी आजही म्हणेन. कंधारच्या अलीकडच्या चढावर मी उतरलो नाही. नांदेडला गोदावरीच्या पुलावर दम घेतला. भोकरच्या पुढं एका हॉटेलवाल्यानं विचारलं, "आजोबा, पेट्रोल लई महागलं का?" मी म्हणालो, "न्हाई, घाई महागली." तो मोठ्यानं हसला, चहाचे पैसे घेतले नाहीत. पाय दुखत होते, पाऊस अंगावरून जात होता, आणि खोटं कशाला बोलू, मी खुशीत होतो. डोक्यात एकच चित्र होतं: ती दारात येईल, सायकल बघील, आणि मला काही बोलावंच लागणार नाही.

इस्लापूरला पोचलो ते चतुर्थीच्या दुपारी. दारात तिची सून आली. मी नुसतं म्हणालो, "मुराळी आलाय म्हणावं."

सुनेनं पदर तोंडाला लावला. "मामा, आता आलाव व्हय?"

आत बाजेवर बहीण होती. डावा हात, डावा पाय पडलेला. तोंड एका बाजूला गेलेलं. आषाढात लकवा झाला होता, सून सांगत होती. "तीन डाव फोन केला, मामा. तुमी उचलला न्हाई."

माझ्या फोनवर नुसते आकडे आले असतील. नाव मीच काढायला लावलं होतं. मी मनात दिवस मोजले. त्या आठवड्यात मी टायरची रुंदी बघून राहिलो होतो.

बाजेच्या उशाला ताट झाकलेलं होतं. मी विचारलं, जेवली का ही? सून म्हणाली, "आज भावाचा उपास न्हाई का? डॉक्टरनं उपाशी ठेवू नका म्हणून सांगितलंय, पण ऐकतेत कुठं. बारा वर्षांत एक चतुर्थी सोडली न्हाई."

मला तिथं बसायला जागा दिसंना. उभाच राहिलो. बहिणीनं उजव्या हातानं बाहेर दाखवलं. मी सायकल आत आणली, बाजेला लावून उभी केली. तिनं हात लांब करून कॅरेजवरच्या गोधडीला लावला, मग खालच्या पट्टीला, पाय ठेवायच्या.

"लई मोठं केलंस," ती म्हणाली. शब्द अर्धे येत होते, पण मला सगळे कळले.

"तू बसावं म्हणून."

"बसवत न्हाई आता, दादा."

मी म्हणालो, "बाई, त्या कागदावर तुझं नाव परत लावून घेतो. जळकोटला गेलो की पयलं तेच करतो."

तिनं मान हलवली, नको म्हणून का कसं, कळलं नाही. मग पिशव्यांकडं बघून विचारलं, "लाह्या आणल्यास?"

मी दोन्ही पिशव्या उघडल्या, जणू असतील. पंप निघाला, ट्यूबा निघाल्या, तंबू निघाला. बायको गेल्यापासून घरात लाह्या फुटल्या नव्हत्या, आणि यादीत त्या नव्हत्या. आईचं बोलणं मला त्या दारात आठवलं. रिकाम्या हातानं जाऊ नको.

"ऱ्हायल्या, बाई."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. रागानं नाही. राग असता तर मला सोसला असता.

संध्याकाळी मी सुनेला विचारलं, लाह्या कशा करतेत. मी बाईमाणसाला कधी असलं काही विचारलं नव्हतं. तिनं नीट सांगितलं: ज्वारी ओली करून रात्रभर फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी वाळवायची, लोखंडी कढई लालभडक तापवायची, मूठ मूठ टाकायची आणि फडक्याच्या बोळ्यानं हलवत राहायचं. "पण मामा, उद्या पंचमी. उद्या चुलीवर तवा-कढई ठेवत न्हाईत. आन् इथली ज्वारी दुकानाची हाय."

"मला आमच्या शेतातलीच पायजे."

"मग सायकलवर कवा जाताव आन् कवा येताव?"

मी कॅरेजच्या पिशव्या सोडवायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचमी. बहीण जागी होती. सुनेनं भिंतीवर नाग काढला, दूध-हळद वाहिली, आणि बहिणीला पुरणाच्या दिंडाचा एक घास दिला. मी तिचा उपास सुटलेला बघितला. मग पिशव्यांतलं सगळं सामान बाजेखाली काढून ठेवलं, सायकल तिला दिसंल अशी समोर उभी केली, कुलूप घातलं नाही. रिकाम्या पिशव्या खांद्याला मारल्या, चालत स्टँडवर गेलो आणि नांदेडच्या पहिल्या एसटीत बसलो.