गंगारामने सोडलेला कोपरा

गंगाराम अकराव्या वर्षी मिठागरात उतरला आणि पस्तिशीत बाहेर आला. बाहेर आला म्हणजे मिठागरच राहिलं नाही. जमीन सरकारने घेतली, भराव पडला, नेरूळ उभं राहिलं. पुढे त्याच भरावावर एका ट्रस्टने हॉस्पिटल बांधलं. गंगाराम तिथे मदतनीस म्हणून लागला. मी फिटर होतो.

१९९८ साली तळमजल्यावर चाल मोजायची खोली झाली. बारा पावलं लांब, काळे पडदे, भिंतींवर सहा कॅमेरे, प्रत्येकाभोवती लाल दिव्यांचं कडं. कॅमेरे मी बसवले. एकेकाला चार बोल्ट. पेशंटच्या सांध्यांवर चकाकणारे गोळे चिकटवायचे आणि त्याला चालवायचं. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त गोळे दिसतात. मॉनिटरवर काळोखात ठिपके चालत जातात. 

कॅमेऱ्यांना आधी जागा शिकवावी लागते. दोन गोळे लावलेली काठी खोलीभर हलवत फिरवायची. गोळ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं. त्यावरून कॉम्प्युटर कुठला कॅमेरा कुठे आहे ते काढतो. जिथे काठी फिरली नाही, तिथलं माप भरवशाचं नाही. दिवाळीपर्यंत हे काम इंजिनियर सुचित्रा मॅडम स्वतः करत. मग ते गंगारामकडे आलं. दोन मिनिटं पुरे, असं मॅडम म्हणत. तो दहा घ्यायचा. मिठावर फळी ओढावी तशी काठी ओढत मागे मागे सरकायचा. असं काम मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही.

त्याच सुमारास मॉनिटरवर तो ठिपका दिसू लागला. खोली रिकामी असायची. खिडकीकडच्या कोपऱ्यात, घोट्याएवढ्या उंचीवर, एक ठिपका डुलत राहायचा. विझायचा, मग हातभर अलीकडे उगवायचा. फरशी पुसली, चकाकणारं सगळं बाहेर काढलं. ठिपका तिथेच.

"कॅमेरा हललाय, काका," मॅडम म्हणाल्या. "तुमचे बोल्ट बघा."

चोवीसच्या चोवीस बघितले. एकही हलला नाही.

वॉर्डात आया असलेल्या सुंदराबाईची दहा वर्षांची मुलगी पायल. जन्मापासून पाय आखडलेले, टाचा टेकत नव्हत्या. शुक्रवारी ऑपरेशन होतं. टाचेमागची शीर सैल करायची की गुडघ्यामागची, ते डॉक्टर या मापावरून ठरवणार होते. चुकीची कापली तर पोरीचं उभं राहणंही जाणार.

मंगळवारी पायल चालली. शेवटची चार पावलं त्या कोपऱ्यात पडली. मॉनिटरवर तिचा गुडघा उलट्या बाजूला वाकला. डाव्या पायाला दोन घोटे दिसले.

"आई, तो दुसरा पाय कुणाचाय?" पायलने विचारलं. 

डॉक्टर म्हणाले, उद्या एकदा परत मोजा, नाहीतर मला नुसतं डोळ्यांनी बघून ठरवावं लागेल.

बुधवारी सकाळी मी गंगारामचं काम उभं राहून पुरतं बघितलं. सगळीकडे काठी फिरली. त्या कोपऱ्याच्या दोन हात अलीकडे तो वळला. दुसऱ्या फेरीतही तिथेच वळला.

"गंगाराम, तेवढं राहिलं."

"ऱ्हाव दे."

"का?"

"तिकडं उघाडी व्हती." उघाडी म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं दार; त्याच्या तोंडाशी गाळ साचतो. "माझी भैन बया गाल काढाया उतरली आनि भरती आली. तवापासून तेवढ्या जागंला आमचे गावात कोनी फळी लावली नाय." मग त्याने आवाज उतरवला. "तुमी पन बघताव ना तिला. रोज."

मॉनिटरपाशी बसलेल्या मॅडम उठल्या. "अहो, तुम्ही काठी फिरवत नाही म्हणून ते दिसतं! समोरच्या कॅमेऱ्यांचे दिवे आहेत. माप चुकलं की त्यांचाच खोटा ठिपका होतो. द्या इकडे, मी फिरवते."

गंगारामने काठी सोडली नाही. "तुमी नको. ती मना वलखते."

सुंदराबाई पायलला घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "गंगादादा, मेलेल्या भैनीपायी माझ्या जित्या लेकराचा पाय घालवता व्हय?"

गंगारामने पायलच्या पायांकडे बघितलं. मग चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. फरशी कोरडी होती, तरी पाण्यातून चालावं तसा पाय उचलून टाकत गेला. मॉनिटरवर काठीचे दोन ठिपके त्या ठिपक्याजवळ पोचले. तो एकटा ठिपका मागे सरकला. मी मॅडमकडे बघितलं. त्या वाकून मॉनिटर बघत होत्या. गंगाराम ओठातल्या ओठात कुणाशी तरी बोलत होता. पुरी वीस मिनिटं काठी फिरली.

कॉम्प्युटरने नवं माप घेतलं. चूक एक मिलिमीटरच्या आत. मॉनिटरवरचा कोपरा काळा झाला.

पायल चालली. गुडघा बरोबर वाकत होता. दोष टाचेचाच होता. शुक्रवारी टाचांमागच्या शिरा सैल केल्या.

तीन महिन्यांनी तिला परत मोजायला आणलं. पहिल्याच पावलाला टाच फरशीला लागली.

"टेकली गं बाई!" सुंदराबाई ओरडली. "दादा, बघा की हिकडं!"

गंगारामने एकदा बघितलं, मान हलवली. मग तो मॉनिटरपाशी आला. पायल बाहेर गेल्यावरही त्या काळ्या कोपऱ्याकडे बघत तिथेच उभा राहिला.

"मॅडम, नीट बघा," तो म्हणाला. "जरासा पन नाय?"

मॅडमनी बघितलं. मीही बघितलं. नव्हता.